वाचकांचे प्रश्न : माल्टातील फळे आणि भाजीपाला

माल्टा या भूमध्य समुद्रातील द्वीपराष्ट्रात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकांची संख्या अलीकडे वाढली आहे आणि तेथील शेतीविषयी त्यांच्याकडून सातत्याने प्रश्न येत असतात. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पाण्याविषयीचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची मुळे तेथेच जाऊन पोहोचतात.

प्रश्न : मी स्लिमा येथे राहते. सुपरमार्केटमध्ये टोमॅटो, कोबी, संत्री असे सगळे वर्षभर मिळते. त्यांतले माल्टात पिकलेले काय आणि सिसिलीहून आलेले काय, हे ओळखायचे कसे? दुकानदार तर प्रत्येक क्रेटला ‘लोकल’ म्हणतो.

उत्तर : युरोपीय संघाच्या नियमानुसार ताजी फळे आणि भाज्या विकताना त्या कोणत्या देशात पिकल्या हे लिहिणे बंधनकारक आहे, त्यामुळे क्रेटवरची चिठ्ठी वाचण्याचा आणि ती नसल्यास विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मात्र चिठ्ठीपेक्षा ऋतू अधिक खात्रीचा साक्षीदार ठरतो. सिसिली बेट माल्टाच्या उत्तरेला शंभर किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावर आहे आणि तेथून मालाने भरलेले ट्रक फेरीबोटीने नियमित येत असतात, त्यामुळे दुकानातील मांडणीवरून ऋतू कळत नाही. बटाटा आणि कांदा वगळला तर जी वस्तू बारा महिने सारखीच दिसते ती बहुधा बाहेरची असते आणि जी काही आठवडे मुबलक येऊन एकाएकी दिसेनाशी होते ती बहुधा बेटावरची असते, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

माल्टाचे शेतीचे वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहिल्या पावसाबरोबर सुरू होते. हिवाळा हा येथे हिरवळीचा काळ असतो. फ्लॉवर, कोबी, नवलकोल, पालेभाज्या आणि आर्टिचोक यांची रेलचेल या दिवसांत असते, संत्री आणि लिंबे झाडावर असतात, तर फेब्रुवारी-मार्चपासून फावा बीन्सच्या (बाकल्याच्या) हिरव्या शेंगा येऊ लागतात. त्यांच्याबरोबरीने इम्जार गावाच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात येतो आणि एप्रिलमध्ये गावात तिचा उत्सवही भरतो. एप्रिल-मेमध्ये लोकाट, त्यानंतर जर्दाळू, आणि जूनमध्ये ‘बाम्बिनेल्ला’ नावाची अंगठ्याएवढी, सालीसकट दोन घासांत संपणारी नासपती येते, जी आयात मालात सहसा दिसत नाही. अंजिराचे दोन बहर असतात : पहिला, आकाराने मोठा, २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या आसपास येतो आणि दुसरा, लहान पण अधिक गोड, ऑगस्टमध्ये. भर उन्हाळ्यात टोमॅटो, कलिंगडे, खरबुजे आणि पीच असतात, उन्हाळ्याच्या अखेरीस द्राक्षे आणि निवडुंगाची बोंडे येतात आणि सप्टेंबरनंतर डाळिंबे व ऑलिव्ह.

दिसण्यावरूनही बरेच कळते. येथल्या शेतातून आलेल्या फ्लॉवरला बाहेरची पाने असतात, देठाला थोडा चिखल असतो आणि क्वचित एखादी गोगलगायही सापडते. चपटा, कडेला वळ्या पडलेला आणि देठाजवळ हिरवट राहिलेला टोमॅटो उन्हाळ्यात दिसला तर तो निःशंकपणे घ्यावा, कारण पावावर टोमॅटो घासून, वर ऑलिव्ह तेल सोडून केल्या जाणाऱ्या ‘होब्स बिझ्झेत’ या घरोघरच्या न्याहारीसाठी माल्टीज माणूस हाच टोमॅटो शोधत असतो. खरेदीसाठी सुपरमार्केटपेक्षा गावातल्या ठरलेल्या कोपऱ्यावर उभे राहणारे भाजीचे ट्रक आणि ता-आली येथे मंगळवारी व शनिवारी भरणारा शेतकरी बाजार यांचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न : माल्टात नदी नाही, तलाव नाही आणि उन्हाळ्यात महिनोन्महिने पाऊस नाही. तरीही जुलैत हिरवी शेते दिसतात. हे पाणी येते कोठून? आणि ते किती दिवस पुरेल?

उत्तर : माल्टात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते मार्च या काळात, बहुतेकदा थोड्या पण जोरदार सरींच्या रूपाने. दऱ्यांतून तेवढ्यापुरते पाणी वाहते आणि समुद्राला मिळते. हे पाणी अडवण्यासाठी राबातजवळच्या दरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑसबर्ट चॅडविक या ब्रिटिश अभियंत्याने लहान बंधारे बांधले, ते आज चॅडविक तलाव या नावाने ओळखले जातात. हिवाळ्यात ते भरतात, उन्हाळ्यात आटतात. म्हणजे जुलैतल्या हिरव्या शेताचे रहस्य पृष्ठभागावर नाही, ते खडकात आहे.

माल्टा बेट म्हणजे एकावर एक रचलेले चुनखडीचे थर आहेत. सर्वांत वर प्रवाळयुक्त चुनखडीचा कठीण पण भेगाळलेला थर, त्याखाली वालुकामय खडकाचा पातळ थर, त्याखाली निळसर चिकणमाती, त्याखाली बांधकामासाठी वापरला जाणारा पिवळसर मऊ दगड आणि तळाशी पुन्हा प्रवाळयुक्त चुनखडी. यांपैकी चिकणमातीतून पाणी झिरपत नाही. त्यामुळे बेटाच्या पश्चिमेला, राबात, डिंगली आणि इम्जार या भागांत, जेथे हे सगळे थर शाबूत आहेत, तेथे पावसाचे पाणी वरच्या चुनखडीतून खाली उतरते, चिकणमातीवर येऊन अडते आणि उताराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जुनी बागायती शेते आणि फळबागा याच झऱ्यांच्या रेषेवर आहेत. शेतकऱ्यांनी खडकात आडवे बोगदे खणून हे झरे आपापल्या टाक्यांपर्यंत आणले आणि कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी मिळणार याच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असत. पूर्वेच्या बाजूला वरचे थर झिजून गेले आहेत, म्हणून तेथे हे झरे नाहीत.

दुसरा साठा त्याहून खोल, समुद्रसपाटीच्या पातळीवर आहे. बेटाच्या पायथ्याचा खडक सच्छिद्र असल्यामुळे त्यात समुद्राचे पाणी शिरलेले आहे आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याची जाडी समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटर असते, असे भूजलशास्त्राचे सूत्र सांगते. हेच सूत्र उलट्या बाजूने वाचले की धोका लक्षात येतो : उपसा करून वरची पातळी थोडीशी खाली आणली तरी खालून खारे पाणी कितीतरी पटींनी वर चढते आणि बोअरवेलमधून खारट पाणी येऊ लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी बोअरवेल मोठ्या प्रमाणावर घेतल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी नेमके हेच झाले. आता त्यांची नोंदणी करावी लागते आणि शेतीसाठीच्या उपशावर मीटर बसवले जातात. जोडीला नायट्रेटचा प्रश्न आहे. शेतातले खत पावसाबरोबर भेगांतून खाली उतरते, म्हणून सगळा देशच नायट्रेटच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित झालेला आहे आणि शेणखत कधी व किती टाकायचे यावर निर्बंध आहेत.

पिण्याच्या पाण्यासाठी माल्टाने १९८२ मध्ये आर लाप्सी येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला मोठा रिव्हर्स ऑस्मोसिस प्रकल्प सुरू केला आणि आज नळाला येणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी अशा प्रकल्पांतून येते. ते शेतीला परवडणारे नाही. शेतीसाठी मार्ग निघाला तो सांडपाण्यातून. शुद्ध केलेले सांडपाणी पूर्वी समुद्रात सोडले जाई. आता त्यातील काही भाग अतिसूक्ष्म गाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि ऑक्सिडीकरण अशा तीन टप्प्यांतून पुन्हा शुद्ध करून ‘न्यू वॉटर’ या नावाने शेतांजवळच्या नळखांबांपर्यंत पोहोचवला जातो आणि शेतकरी आपले कार्ड लावून हवे तेवढे पाणी घेतो. सांडपाणी पुन्हा रिव्हर्स ऑस्मोसिसमधून का काढावे लागते, असे एका वाचकाने विचारले होते. त्याचे कारण असे की किनाऱ्याजवळच्या सखल गटारांत समुद्राचे पाणी झिरपते आणि तेवढे मीठ पिकाला सोसत नाही.

किती दिवस पुरेल, या प्रश्नाचे उत्तर पाण्यापेक्षा सवयीवर अवलंबून आहे. माल्टीज शेतकरी जमिनीचे दोन प्रकार मानतो : ‘साअवी’ म्हणजे बागायती आणि ‘बाअली’ म्हणजे कोरडवाहू. कोरडवाहू जमिनीत हिवाळ्याच्या पावसावर फावा बीन्स, लसूण, कांदा, गहू आणि जनावरांसाठी सिल्ला नावाचे लाल फुलांचे चारापीक येते. हे सिल्ला एप्रिलमध्ये फुलते तेव्हा उतारच्या उतार लाल दिसतात आणि शेंगवर्गीय असल्याने ते जमिनीला नत्रही देते. काही शेतकरी खरबुजे आणि टोमॅटोसुद्धा जमिनीत साठलेल्या ओलीवर पिकवतात; फळे लहान राहतात, उतारा कमी पडतो, पण गोडी अधिक असते. ठिबक सिंचन आता सर्रास झाले आहे आणि त्याने पाणी वाचते हे खरे, तथापि वाचलेल्या पाण्यावर उन्हाळी पिकाचे क्षेत्र वाढवले तर भूजलाच्या दृष्टीने काहीच साधत नाही. आमच्या मते या बेटाच्या शेतीचे भवितव्य शुद्ध केलेल्या सांडपाण्यात आणि कोरडवाहू पिकांना चांगला भाव मिळण्यात आहे. नव्या बोअरवेलमध्ये ते नाही.

प्रश्न : आमच्या घराजवळ, मोस्ता येथे, एका जुन्या शेतावर इमारत बांधायला घेतली आहे. पहिल्याच दिवशी यंत्राने सगळी माती खरवडून ट्रकमध्ये भरून नेली. ही मातीची चोरी आहे का?

उत्तर : आपण पाहिले ती चोरी असण्याची शक्यता कमी आहे, तो बहुधा कायद्याचा अंमल असावा. माल्टात १९७३ पासून सुपीक मातीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्यानुसार सुपीक मातीवर बांधकाम करता येत नाही, ती कशाखाली गाडता येत नाही, तिच्यात राडारोडा मिसळता येत नाही. बांधकामाला परवानगी मिळाली तर आधी माती काढून, कृषी खात्याच्या संमतीने, दुसऱ्या शेतात नेऊन टाकावी लागते. देशाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, त्यावर पाच लाखांहून अधिक लोकसंख्या, आणि शेतीखाली जेमतेम एक तृतीयांश जमीन, अशा स्थितीत मातीला जमिनीपासून वेगळी मालमत्ता मानणे भाग पडले.

मुळात येथली बरीचशी माती जागची नाहीच. उघड्या खडकाचे तुकडे काढून, भेगांत साठलेली तांबूस माती गोळा करून, उतारावर आडव्या भिंती घालून मागच्या पिढ्यांनी शेते अक्षरशः तयार केली. अनेक ठिकाणी मातीची खोली हातभरसुद्धा नसते आणि नांगराचा फाळ खडकाला लागतो. या भिंती म्हणजे आपले गडगेच आहेत : दोन्ही बाजूंना मोठे दगड एकमेकांत बसवून, मध्ये लहान दगडांची भर घालून, चुना वा सिमेंट न वापरता रचलेले. जोडणी कोरडी ठेवण्यामागे कारण आहे. मुसळधार सरीत वरच्या खाचरातले पाणी भिंतीच्या फटींतून झिरपत खालच्या खाचरात उतरते आणि माती मागे राहते. हीच भिंत सिमेंटने बांधली तर मागे पाणी तुंबून ती एका पावसात पोट काढते आणि ढासळते. माल्टाने १९९७ मध्ये नियम करून या भिंतींना संरक्षण दिले आणि त्या पाडण्यास किंवा त्यांचा निचरा बंद करण्यास मनाई केली. तरीही पडलेल्या भिंती जागोजाग दिसतात, कारण कोरडी भिंत रचणारे कसबी गवंडी कमी झाले आहेत आणि अशा भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च खाचरातल्या पिकाच्या उत्पन्नात भागत नाही. याच फटींत केपरची झुडपे आपोआप उगवतात. त्यांच्या न उमललेल्या कळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी खुडून, मिठात व व्हिनेगरमध्ये मुरवून ठेवल्या जातात आणि टोमॅटो, वांगी, भोपळी मिरची यांच्या ‘कापुनाता’ या उन्हाळी भाजीत त्या हव्याच असतात.

मात्र माती हलवली म्हणजे ती वाचली, असे मानू नये. यंत्राने खरवडताना तिचे थर उलटेपालटे होतात, ट्रकच्या वजनाने ती दडपली जाते आणि नव्या जागी पूर्ववत व्हायला काही वर्षे लागतात. शिवाय ज्या शेतावरून ती उचलली ते शेत कायमचे गेलेलेच असते.

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये असतो. वसंत ऋतूत येथे ‘माल्टा’ नावाने नवे बटाटे विकायला येतात. जो देश स्वतःची भाजी बाहेरून आणतो, तो बटाट्याच्या देशाला बटाटे कसे काय विकतो?

उत्तर : याचे उत्तर केवळ कॅलेंडरमध्ये आहे. उत्तर युरोपातल्या शेतांत बटाट्याची लागवड वसंतात होते आणि काढणी उन्हाळ्यात किंवा त्यानंतर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तेथील घरांत शीतगृहातला, गेल्या वर्षीचा, साल जाड झालेला बटाटा असतो. माल्टात थंडी पडत असली तरी सखल शेतांत गोठलेले दव पडून पीक मरत नाही. म्हणून हिवाळ्यात, पावसाच्या ओलीवर लागवड करून एप्रिलपासून पातळ सालीचा नवा बटाटा काढता येतो. तो नेदरलँड्सला पाठवण्याची प्रथा अनेक दशकांची आहे.

यात एक गंमत अशी की या पिकाचे बेणे मुख्यतः नेदरलँड्ससह उत्तर युरोपातूनच येते. उष्ण हवामानात मावा ही कीड वर्षभर सक्रिय असते, ती विषाणू पसरवते आणि घरचेच बेणे पुन्हा पुन्हा लावल्यास उत्पादन घसरत जाते, म्हणून थंड प्रदेशातले निरोगी, प्रमाणित बेणे दरवर्षी आणावे लागते. बेण्याचे जहाज उशिरा आले तर लागवड लांबते, लागवड लांबली तर काढणी लांबते आणि उत्तरेतला नवा बटाटा बाजारात आला की माल्टाच्या बटाट्याला तेथे कोणी विचारत नाही. सगळा व्यवहार असा काही आठवड्यांच्या फटीवर उभा आहे. यापूर्वी कापूस आणि जिरे ही माल्टाची निर्यातीची पिके होती. कापसाने तर अनेक पिढ्या पोसल्या, पण एकोणिसाव्या शतकात बाहेरच्या स्वस्त कापसापुढे त्याचा निभाव लागला नाही.

प्रश्न : सेंट ज्युलियन्स येथील एका हॉटेलात मी स्वयंपाकी आहे. आमचे मुख्य शेफ सिसिलीचाच माल मागवतात, कारण तो एका मापाचा आणि हमखास मिळतो. स्थानिक शेतकरी हॉटेलांना थेट माल का देत नाहीत?

उत्तर : देतात, परंतु फार थोडे. माल्टात शेत मोजण्याचे जुने माप तोमना. एक तोमना म्हणजे सुमारे १,१२४ चौरस मीटर, म्हणजेच साधारण अकरा गुंठे. सरासरी शेतकऱ्याची एकूण जमीन हेक्टरभर असते आणि तीही एका जागी नसून वारसाहक्काच्या वाटण्यांमुळे चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते. बहुतेक जण दुसरी नोकरी सांभाळून शेती करतात. अशा माणसाने आपल्या शेफला दर मंगळवारी एकाच आकाराची ठरावीक संख्येची वांगी द्यावीत, ही अपेक्षा रास्त नव्हे.

म्हणून माल जातो तो ता-आली येथील ‘पिटकालिया’ या घाऊक बाजारात. दुसऱ्या महायुद्धात जेथे ब्रिटिश लढाऊ विमानांची धावपट्टी होती, त्याच परिसरात हा बाजार आहे. शेतकरी आपले क्रेट ठरलेल्या अडत्याकडे उतरवतो, अडत्या ते भाजीवाल्यांना विकतो, आपली अडत कापून घेतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला देतो. भाव त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो आणि शेतकऱ्याला तो बहुधा नंतर कळतो. सगळ्यांचा फ्लॉवर एकाच आठवड्यात तयार झाला की भाव कोसळतो. १ मे २००४ रोजी माल्टा युरोपीय संघात गेले तेव्हा आयात भाजीपाल्यावरचे कर उठले आणि तोवर हंगामात मिळणारे संरक्षणही संपले. सिसिलीतल्या एकेका शेतावर माल्टातल्या एखाद्या गावाएवढी हरितगृहे असू शकतात. त्यांच्याशी भावात स्पर्धा करणे शक्य नाही.

याच्याही मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे. पुष्कळ शेते कुळांच्या ताब्यात आहेत आणि १९६७ च्या कायद्याने त्यांना अल्प खंडावर, वारसांपर्यंत चालणारे संरक्षण दिले होते. २०२० मध्ये न्यायालयाने या तरतुदी मालकाच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला घालणाऱ्या असल्याचा निर्णय दिला. तत्त्वतः तो गैर म्हणता येत नाही, कारण काही मालकांना वर्षाकाठी मिळणारा खंड हास्यास्पद होता. परंतु ज्या बेटावर शेताचा तुकडा लोक सहलीसाठी किंवा पुढेमागे बांधकाम होईल या आशेने विकत घेतात, तेथे बाजारभावाने खंड भरून कोबी पिकवणे कोणालाही परवडणार नाही. आपले शेत उद्या आपल्याकडे राहील की नाही हे ठाऊक नसलेला माणूस ठिबकच्या नळ्या बदलत नाही आणि लिंबाची रोपेही लावत नाही.

आपल्या शेफना एक सुचवता येईल. यादी आधी ठरवून माल शोधण्याऐवजी शेतकऱ्याशी फोनवर बोलून या आठवड्यात काय निघते आहे ते विचारावे आणि जेवणातला एक पदार्थ त्यानुसार बदलता ठेवावा. हिवाळ्यात नवलकोल, भोपळा आणि फ्लॉवर घालून केलेले ‘सोप्पा तालारम्ला’ हे गरिबांघरचे सूप, वसंतात कोवळ्या फावा बीन्सचे ‘कुस्कसू’ हे सूप, आणि फावाच्याच जातीच्या वाळवलेल्या लहान तपकिरी दाण्यांची लसूण घातलेली ‘बिगिल्ला’ ही चटणी, हे सगळे असेच, शेतात जे निघाले त्यातून घडलेले पदार्थ आहेत आणि पाहुणे ते आवडीने खातात.

प्रश्न : आमच्या घराला मोकळी गच्ची आहे. मी मार्चमध्ये कुंड्यांत टोमॅटो आणि लिंबू लावले. टोमॅटो वाऱ्याने मोडले आणि लिंबाची पाने पिवळी पडली. काय चुकते आहे?

उत्तर : माल्टाच्या गच्चीवर पहिला शत्रू वारा. वायव्येचा ‘माय्यिस्त्राल’ वर्षातले सर्वाधिक दिवस वाहतो, ईशान्येचा ‘ग्रिगाल’ हिवाळ्यात झोडपतो आणि दोन्ही समुद्राचे मीठ घेऊन येतात. शेतकरी यासाठीच बांधावर निवडुंगाची किंवा बोरूची दाट रांग ठेवतो. आपण कठड्याला सावलीची जाळी लावावी. भक्कम पत्रा लावू नये, कारण वारा त्यावरून उसळून पलीकडे अधिक जोराने आदळतो. वादळी वाऱ्यानंतर पाने साध्या पाण्याने धुऊन काढावीत.

लिंबाची पाने पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर तो लोहाच्या कमतरतेमुळे पडलेला केवडा आहे. स्थानिक माती चुनखडीची, अल्कधर्मी असते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कुंडीत शेतातली माती भरली असल्यास ती बदलून पीट किंवा कोकोपीट व कंपोस्ट यांचे मिश्रण भरावे आणि अल्कधर्मी मातीत टिकणारे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह) द्यावे. नळाच्या पाण्यातही थोडे क्षार असतात, म्हणून महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून पाणी वाहून जाईपर्यंत भरपूर पाणी घालावे. घरात पावसाचे पाणी साठवण्याची विहीर असेल, तर तेच वापरणे सर्वांत चांगले. माल्टातल्या जुन्या घरांखाली अशी खडकात खोदलेली टाकी बहुधा असतेच.

लागवडीची वेळही उलटी धरावी. सप्टेंबरअखेर पहिला पाऊस झाला की पालेभाज्या, मुळा आणि कांद्याची रोपे, नोव्हेंबरमध्ये फावा बीन्स, असा क्रम ठेवला तर मेपर्यंत गच्ची हिरवी राहील. उन्हाळ्यात एखाद-दुसरेच टोमॅटोचे रोप, मोठ्या कुंडीत आणि दुपारच्या सावलीत, एवढ्यावर भागवावे.

प्रश्न : रस्त्याकडेला निवडुंगाची लाल-पिवळी बोंडे लगडलेली असतात. ती तोडून खाता येतात का?

उत्तर : खाता येतात, मात्र ती बहुधा कोणाच्या तरी बांधावरची असतात, तेव्हा आधी विचारावे. बोंडे पहाटे, दव असताना तोडावीत. उन्हात त्यांवरचे केसाएवढे बारीक काटे सुटून हवेत उडतात आणि डोळ्यांत जातात. जाड हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून, फळ किंचित पिळून काढावे. घरी आणल्यावर पाण्याच्या बादलीत ढवळून घ्यावे, मग जेवणाच्या काट्याने टोचून धरून दोन्ही टोके कापावीत, लांबीच्या बाजूने एक चीर द्यावी आणि साल दोन्हीकडे उलगडून आतला गर काढून घ्यावा. गार करून खाल्ल्यास चव अधिक चांगली लागते. बिया टणक असतात, त्या न चावता गिळायच्या असतात, आणि एका वेळी दोन-तीन बोंडांवर थांबावे, कारण जास्त खाल्ल्यास याच बियांमुळे बद्धकोष्ठ होते.